हरिबा मास्तरांचं वरातीचं गाणं

आमच्या वाळवा तालुक्यात नवरी गाडीत बसायची वेळ झाली की मांडवातली पोरं ओरडायला लागतात, "चाल पुढं होऊ द्या!" मग बेंजो पार्टी असो, डीजे असो, नाहीतर नुसता मोबाइल स्पीकरला जोडलेला असो, ते गाणं लागतंच.

चाल पुढं गं, चाल पुढं,
मागं बघू नको,
हितला दिवा आमी लावू,
डोळं पुसू नको.

आया रडतात, पोरं नाचतात, आणि दोन्ही एकाच गाण्यावर चाललेलं असतं. मध्ये पुण्याच्या कुणीतरी ते रेकॉर्ड करून मोबाइलवर सोडलं. खाली लिहिलं काय, तर 'पारंपरिक लोकगीत'. माझं डोकंच फिरलं. पारंपरिक कसलं डोंबलाचं! त्या गाण्याची चाल कानडी मुलखातून आणून तिच्यावर मराठी शब्द बसवले आमच्या गल्लीतल्या हरिबा मास्तरांनी, आणि हे सगळ्या इस्लामपूरला माहीत आहे. मी मोबाइल घेऊन तरातरा त्यांच्या दारात गेलो. मास्तर कट्ट्यावर बसून बँडच्या लाल कोटाला इस्त्री करत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि इस्त्री उभी करून म्हणाले, "माझं नाव न्हाई ना त्यात? मग लय बरं झालं गड्या."

मला वाटलं, काय हा मोठेपणा! मोठेपणा कसला, माणूस आतून भेदरलेला होता. ते मला पुढं कळलं.

मी सुभाष. लग्नाचं शूटिंग करतो. बँडवाले आणि शूटिंगवाले ही एकाच जातीची माणसं. मांडवात सगळ्यांच्या आधी हजर व्हायचं आणि पंगत उठल्यावर गार भात खायचा. त्यामुळं मास्तरांची आणि माझी दोस्ती जमली ती अशा गार भातावर. ते माझ्याहून वीस-बावीस वर्षांनी मोठे. पण नवरी वाटेला लागल्याशिवाय ते घास घ्यायचे नाहीत, आणि त्यांच्या नादानं मलाही उपाशी राहायची सवय लागली. "पोरगी अजून मांडवात हाय, तवर आपून कामावर हाय," असं म्हणायचे. माझ्या पोटात कावळे ओरडत असायचे, पण बोलायची सोय नव्हती.

मास्तर क्लारनेट वाजवायचे. क्लारनेटच्या तोंडाला जी वेताची पातळ पत्ती असते, ती ते कायम गालात धरून ठेवायचे, ओली राहावी म्हणून. त्यामुळं बोलताना एक गाल फुगलेला. नवी माणसं विचारायची, "दाढ दुखती काय वो?" मास्तर म्हणायचे, "व्हय. लगीन झालं की थांबतीया." अंगात सोनेरी गोंडे लावलेला कोट, डोक्यावर तुऱ्याची टोपी, आणि पायात साध्या चपला. बूट घालून चाललं की ताल चुकतो म्हणे. मला तरी हे कारण कधी पटलं नाही. बूट चावत असणार.

रागही सुरातलाच. एकदा कराडजवळ एका लग्नात नवरदेवाचे मित्र प्यायलेले, कसंही नाचत होते. एकजण ढोलवाल्यालाच जाऊन धडकला. मास्तरांनी हात वर करून सगळा बँड थांबवला. मांडव चिडीचूप. मला वाटलं, आता मारामारी होते. मास्तर त्या पोरापाशी गेले, त्याचा शर्ट नीट केला आणि म्हणाले, "नाच की. कोण न्हाई म्हणतंय? पण डावा पाय आदी टाक, मग बघ कसं जमतंय." त्याला चार पावलं शिकवली आणि मगच बँड सुरू केला. तो पोरगा नंतर कुठं दिसला की मास्तरांच्या पाया पडायचा. आता पाया पडण्यासारखं काय शिकवलं होतं, देव जाणे.

गाणं कसं मिळालं ते मास्तर पूर्वी अगदी रंगवून सांगायचे. तरुणपणी बँडात नवीन असताना जत तालुक्याच्या पार पूर्वेला, जिथं आपल्याच जिल्ह्यात कानडी बोलतात, तिथल्या एका जत्रेत वाजवून ते एसटीनं परत येत होते. वाटेत गाडी पंक्चर झाली. सगळे खाली उतरले. मास्तर मोरीच्या कठड्यावर बसले आणि तेवढ्यात शेताच्या पलीकडून एक वरात आली. केळीचे खांब बांधलेली खुर्ची, झेंडूच्या माळा, खुर्चीत फेटा बांधून बसवलेला नवरदेव, पुढं ढोल आणि टाळ, आणि बायामाणसं मिळून एक गाणं म्हणतायत. कानडीचा एक शब्दही मास्तरांना कळत नव्हता. पण चाल अशी की अंगावर काटा आला म्हणे. चाक बसेपर्यंत त्यांनी ती तोंडपाठ केली, आणि इस्लामपूर येईपर्यंत गुणगुणत राहिले. शब्द त्यांनी पुढं स्वतः बसवले, थोरल्या बहिणीच्या लग्नात. तिथून ते गाणं जे सुटलं ते बोरगाव, ताकारी, पलूस, तासगाव करत सगळ्या जिल्ह्यात गेलं.

त्यांची एकुलती एक लेक सुनंदा. बायको लवकर गेली, त्यामुळं पोरगी बँडच्या तालमीतच मोठी झाली. तिच्या लग्नात मास्तरांनी स्वतः ते गाणं वाजवलं. डोळ्यांतून पाणी, पण सूर कुठं हलला नाही. शूटिंग माझंच होतं, म्हणून सांगतो. जावई चांगला होता, सैन्यात होता. पण सुट्टीवर आला असताना हायवेला त्याची मोटरसायकल ट्रकखाली गेली. लग्नाला धड दोन वर्षंही झाली नव्हती. सुनंदा माहेरी परत आली आणि शिवणकाम करू लागली. आमच्या गल्लीत बरेच दिवस कुणी मोठ्यानं हसलं नाही.

त्यानंतर कधीतरी मास्तरांनी ते गाणं वाजवायचं सोडलं. मला वाटलं, लेकीची आठवण येत असेल. कुणीही हेच समजेल. गाणं बाकीच्यांनी उचललंच होतं. मास्तर दुसरं काहीही वाजवायचे, हे नाही.

मग तासगावच्या बाजूला एक लग्न होतं. नवरदेवाचा मामा रिटायर हवालदार, आवाज परेड ग्राउंडवरचा. तो मास्तरांना म्हणाला, "चाल पुढं वाजवा. ज्याचं गाणं त्याच्याकडनंच ऐकायचं म्हणून तुमास्नी सांगिटलंय." मास्तर म्हणाले, "दुसरं काय बी सांगा." मामा हट्टाला पेटला. मास्तरांनी क्लारनेटचे तुकडे सुटे केले, पेटीत ठेवले आणि मांडवामागं निघून गेले. मामानं तोंडाला येईल ते बोलून शेवटी मोबाइलवर गाणं लावलं. मी मास्तरांना शोधत मागं गेलो, तर ते आचाऱ्याच्या पातेल्यांजवळ पोत्यावर बसलेले, दोन्ही कानांत बोटं घालून. लहान पोरगं फटाक्याला भिऊन बसतं तसं. मला भडभडून आलं.

"मास्तर, आवं काय झालंय काय? बोला तरी," मी म्हणालो.

तेव्हा त्यांनी पहिल्यांदा सांगितलं. जावई गेला त्याच हंगामात आमच्या मळ्याकडं जतच्या ऊसतोडीच्या टोळ्या उतरल्या होत्या. जवळच एका लग्नात मास्तर तेच गाणं वाजवत होते. तोडकऱ्यांतली एक बाई डोक्यावर मोळी घेऊन चालली होती. ती थांबली, मोळी खाली ठेवली, पदर डोक्यावरून ओढून हात जोडले, आणि मास्तरांच्या ढोलवाल्याला मोडक्या मराठीत विचारलं, "कोण म्हातारं माणूस गेलं वो?"

ढोलवाला हसला. म्हणाला, लगीन हाय. बाई घाबरली. म्हणाली, ह्ये आमच्याकडं मयताला म्हणत्यात.

"त्यांच्यात मयताला आडवं न्हेत न्हाईत गड्या," मास्तर म्हणाले. "अंघूळ घालून, फेटा बांधून, फुलांच्या खुर्चीत बसवून वाजतगाजत न्हेत्यात. मी बघितली ती वरात न्हवती. ते मयत हुतं. मला तवाच वाटलं हुतं, नवरा जरा वयस्क हाय. म्हटलं, असंल बिजवर. डोळं मिटून बसला हुता, तर म्हटलं दमला असंल."

मला हसू आलं. काय करू, खरंच आलं. पण मास्तरांच्या तोंडाकडं बघितलं आणि त्यांच्या शेजारी पोत्यावर टेकलो.

"मी माझ्या हातानं माझ्या पोरीच्या लग्नात मयताचं गाणं वाजवलं सुभाष. आनि दोन वर्सांत तिचं कुंकू पुसलं. एक माझीच न्हाई. किती पोरी म्या त्या गाण्यावर घालवल्यात! कुटं कुणाचं काय वंगाळ झालं की मला वाटतं, ह्ये बी माझ्याच गाण्यानं झालं."

मी नाना तऱ्हेनं समजावलं. अपघात ट्रकवाल्यानं केला, गाण्यानं नाही; लाखभर संसार त्या गाण्यावर सुरू झालेत आणि सुखानं भांडतायत; माझ्याच लग्नात ते वाजलं होतं आणि माझी बायको मला अजून दणकून बोलते. मास्तर मान हलवायचे आणि म्हणायचे, "तुला न्हाई कळायचं." एवढं सगळं त्यांनी सुनंदाला कधीच सांगितलं नव्हतं. तिच्या दुःखात आपला हात आहे, हे बापानं लेकीला कुठल्या तोंडानं सांगायचं?

काही वर्षं अशीच गेली. मग सुनंदाला वाईचं स्थळ आलं. मुलगा एसटीच्या डेपोत मेकॅनिक, पहिली बायको आजारात गेलेली, माणूस शांत. सुनंदा तयार झाली. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, दुसरं लग्न आहे, देवळात हार घालून उरकून टाका. सुनंदा उसळली. आणि सगळ्यांदेखत मास्तरांना म्हणाली, "आबा, मी चोरासारखी जायची न्हाई. बँड लावून जाणार. आनि जाताना तुमी 'चाल पुढं' वाजवायचं. दुसऱ्या कुनी न्हाई, तुमीच."

मास्तरांनी गालातली पत्ती काढून हातात घेतली आणि आत गेले. पुढं दोन-तीनदा तिनं विषय काढला. प्रत्येक वेळी मास्तर म्हणाले, "दुसरं काय बी सांग."

एके दिवशी सुनंदा माझ्या स्टुडिओत आली. फोटो-बिटो काही नव्हतं. स्टुलावर बसली आणि रडायलाच लागली. "दादा, आबांना माझी लाज वाटती. दुसऱ्यांदा लगीन करतीया म्हणून. पयल्या लग्नात वाजवलं, आता वाजवायला त्यांचं त्वांड हुईना. तसं असंल तर मला न्हाई करायचं लगीन. बापाच्या मनाविरुद्ध कशाला जाऊ?"

आता आली का पंचाईत! खरं सांगावं, तर पोरीच्या मनात भलतीच भीती बसायची. न सांगावं, तर ठरलेलं लग्न मोडतंय. ती गेल्यावर मी शटर ओढलं आणि मास्तरांकडं जाऊन सरळ दम दिला, "उद्या सकाळी माझ्या गाडीत बसायचं. त्या गावाला जायचं. काय असंल ते तिथल्या माणसांना विचारू. न्हाईतर मी सुनंदाला सगळं सांगून टाकणार."

"तिथं जाऊन काय म्हणू?"

"माफी मागा हवं तर! पण चला."

जतच्या पुढं रस्ता असा की गाडीचे नटबोल्ट मोजून घ्यावेत. मास्तर मांडीवर क्लारनेटची पेटी घेऊन बसलेले. ती का घेतली म्हणून विचारलं, तर म्हणाले, "तिच्याबिगर मला बोलाय येत न्हाई." ती मोरी सापडली, कठडा अजून तसाच होता. गावात चहाच्या गाड्यावर चौकशी केली. गाडेवाला मराठी-कानडी दोन्ही बोलणारा, गप्पिष्ट. सगळी हकीकत ऐकून तो आम्हाला शिवव्वाकडं घेऊन गेला. मयताच्या भजनात पुढं होऊन गाणारी ती म्हातारी. दारात बाजेवर बसली होती, अंगाची नुसती घडी झालेली, पण डोळे लखलखीत. शेजारी पाळण्यात पणतू.

मास्तर वाकले आणि तिच्या पायांवर डोकंच ठेवलं. "अव्वा, चूक झाली. तुमच्या मयताचं गाणं म्या लग्नात घातलं. ते माझ्या लेकीला भोवलं. आता काय करू सांगा." गाडेवाला कानडीत सांगत गेला. म्हातारी आधी मन लावून ऐकत होती. मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडते आहे. बाई हसत होती! हसता हसता तिला ठसका लागला, सुनेनं पाणी आणून दिलं.

ती जे म्हणाली ते गाडेवाल्यानं असं सांगितलं. "म्हातारी म्हणतीया, तो चोर तूच व्हय! तुझ्यामुळं आमची लय अडचण झालीया. मागल्या वर्साला आमच्या दिराला न्हेत हुतो, गाणं सुरू केलं, तर मागची पोरं नाचाय लागली. त्यांनी ते वरातीत ऐकलेलं. म्हाताऱ्याला ठिवून सगळी नाचाय!"

 मास्तरांनी हळूच विचारलं, "पर गाणं अशुभ हाय न्हवं?"

म्हातारीचा चेहरा बदलला. आता ती गंभीर होऊन बोलत होती आणि गाडेवाला तुकड्या-तुकड्यानं सांगत होता. तरणंताठं माणूस गेलं की तिथं गाणं नसतं. ढोल नाही, टाळ नाही, कुणी तोंड उघडत नाही. हे गाणं फक्त त्याच्यासाठी, ज्यानं नातवंडं-पतवंडं बघितली, ज्याचं सगळं मनाजोगं झालं. "तू बघितलास तो गावचा सगळ्यांत थोर म्हातारा हुता. पोटभर जगून गेला. असं आयुष्य सगळ्यांना मिळू दे म्हणून आमी गातो. तुझ्या जावयाच्या वेळी हे गाणं कुनी म्हटलं असतं, तर मीच त्याचं त्वांड धरलं असतं."

आणि मग तिनं पाळण्याला पायानं झोका दिला. "आनि गाण्यानं माणूस मरतंय म्हणतोस? हे पोरगं रोज ह्याच गाण्यावर झोपतंय. माझी पोरं, नातवंडं, सगळी ह्याच्यावरच झोपली. मी तर जन्मभर म्हणत आले. मला न्यायला अजून कुनी आलं न्हाई."

मास्तर खाली मातीत बसले. छातीवरून दगड उतरावा तसा त्यांनी मोठा श्वास सोडला आणि हुंदके देऊन रडले. एवढा मोठा माणूस, पांढऱ्या मिशांचा. मीही डोळे पुसले, खोटं कशाला सांगू. म्हातारीनं त्यांच्या पाठीवर थाप मारली आणि गाडेवाल्याकरवी विचारलं, "चाल तरी नीट उचललीस का? वाजव बघू."

मास्तरांनी पेटी उघडली. क्लारनेटचे तुकडे पटकन जुळेनात. इतक्या वर्षांनी त्यांनी ते गाणं वाजवलं, आमच्या वरातीच्या चालीत. म्हातारीनं मध्येच हात वर केला. "पळतोस कुटं? सावकाश." आणि ती गाऊ लागली. तीच चाल, पण बैलगाडी भरून आणताना जशी हळू आणतात तशी. मास्तर तिच्या मागून वाजवत गेले. गल्लीतली माणसं जमा झाली. पोरगं झोपून गेलं.

परत येताना मास्तरांनी जतला गाडी थांबवायला लावली आणि दोन मिसळी खाल्ल्या. तिसरी मागवायच्या बेतात होते, मी अडवलं.

घरी आल्यावर त्यांनी सुनंदाला समोर बसवून पहिल्यापासून सगळं सांगितलं, मोरीपासून पाळण्यापर्यंत. नवरदेव दमला असेल असं वाटलं, हे ऐकून ती इतकी हसली की शेजारीण डोकावून गेली. मग एकदम भडकली. "इतकी वर्सं ह्ये एकटंच उरात घिऊन बसलासा? मला एका शब्दानं बोलला न्हाईसा? आनि मला वाटायचं, माझ्यामुळं तुमची मान खाली जातीया." मास्तर म्हणाले, "मान खाली नव्हती गं. भ्या वाटत हुतं, तुला परत काय हुईल म्हणून." ती उठली आणि त्यांच्या कुशीत शिरली. मी तिथून काढता पाय घेतला. मी तिथं कशाला हवा?

लग्न दणक्यात झालं. बँडाची सगळी जुनी मंडळी आली, रिटायर झालेलेही. गाडी फुलांनी सजवलेली, नवरदेव बिचारा घामाघूम. सुनंदा गाडीत बसली आणि मास्तरांनी सुरुवात केली ती सावकाश, शिवव्वाच्या चालीत. आमच्या लोकांनी ते गाणं असं कधी ऐकलंच नव्हतं. मांडव गप्प झाला. आणि मग त्यांनी ढोलवाल्याकडं बघून मान हलवली, आणि नेहमीची चाल धरली. पोरांनी जल्लोष केला. मी मागं मागं चालत, कॅमेरा मास्तरांवर धरून.

आमच्याकडं बँड शिवेपर्यंत जातो. शिवेवर नारळ फुटतो, बँड थांबतो, गाडी पुढं निघते आणि वाजवणारे परत फिरतात. हा नियम मास्तरांनीच सगळ्यांना शिकवलेला. त्या दिवशी नारळ फुटला, ढोल थांबला, बाकीचे थांबले. गाडी हळूहळू निघाली. पण क्लारनेट काही थांबेना. मास्तर गाडीच्या मागून चाललेच होते.

"मास्तर, शीव झाली!" ढोलवाला ओरडला.

त्यांनी ऐकलं नाही, की ऐकून सोडून दिलं, माहीत नाही. गाडीच्या मागच्या काचेतून सुनंदा बघत होती, गाण्यात 'मागं बघू नको' सांगितलेलं असलं तरी. डोळ्यांतून धारा लागलेल्या आणि तोंडभर हसू. तिनं ड्रायव्हरला काहीतरी सांगितलं, गाडी आणखी हळू झाली. आणि उन्हात, उसाच्या फडांमधल्या त्या रस्त्यानं, लाल कोटातले हरिबा मास्तर वाजवत पुढं पुढं जात राहिले. आम्ही सगळे शिवेवर उभे होतो. परत चला असं कुणालाही म्हणवेना.